पन्नासातल्या बारा बकऱ्या

२ जून, सोमवार

ही डायरी कारखान्याच्या शेठनं दिली, गणपतीच्या ऑर्डरी लिहायला. कुणाचा गणपती किती फुटाचा, कुणाला पितांबर पिवळं, कुणाला केशरी. ऑर्डरी माझ्या डोक्यात राहतात. जे डोक्यात ठेवून झोप लागत नाय ते हितं लिहितो.

मी एक जात बनवली. बकरीची.

झालं असं. पेणच्या बाजारात हिरामण शेठचं मटणाचं दुकान हाय. शिमग्याला मी त्याला आमच्या वाडीवरचे दोन बोकड नेऊन दिले. गिऱ्हाईकं परत आली, म्हणाली तसलंच पायजे. एका गाडीवाल्यानं विचारलं, कुठली जात हो ही? हिरामण शेठ माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्या दुकानाचा बोर्ड रंगवत होतो. हातात ब्रश, तोंड मोकळं. म्हणालो, "कुंडलिका काळी. जगात फक्त रोह्याच्या डोंगरात मिळते. सत्तावीस प्रकारचा पाला खाते, नदीचं सोडून दुसरं पाणी पीत नाय."

सत्तावीस कुठून आलं म्हाईत नाय. तोंडातून आलं.

शेठनं तेच बोर्डावर लिहायला लावलं. मी खाली एक काळी बकरी काढली, डोळे गणपतीचे काढतो तसे काढले. लोकांनी फोटो काढले, कुणीतरी व्हिडिओ टाकला. आता अलिबागवरनं गाड्या येतात. वाडीवर पयला दलाल यायचा, बोकडाच्या पाठीवर हात दाबायचा आणि तोंडाला येईल तो भाव सांगायचा. सात हजार म्हणजे सात. हिरामण शेठ काट्याला टांगतो, किलोवर देतो. तोच बोकड अकराला गेला. बाया खूष. मला वाडीत कधी नाय ते चहाला बोलावतात.

बकऱ्या मातर त्याच हायत. काळ्या, कारण काळ्या हायत. ह्यात मी सोडून कुणाला काय म्हाईत नाय.

५ जून, गुरुवार

परवा बकरी ईद. आज सुट्टी घेऊन वाडीवर आलो तर रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा दलाल कमळीच्या अंगणात. कमळी माझी चुलतबहीण, चार वर्षांनी मोठी, जीभ चाळीस वर्षांनी.

दलालानं बोकडाच्या कमरेवर हात ठेवला. "साडेसात."

कमळी म्हणाली, "वजन कर."

"वजन कशाला? वीस वर्षं हा हात काटा हाय."

"मग हात ठेवून जा हितं, आमाला पण मोजायला व्हईल."

बाया हसल्या. दलाल बोलला, पावसात चारा संपला की तूच फोन करशील. कमळीनं त्याचा नंबर फोनमधून काढून टाकला, त्याच्यासमोर. म्हणाली, परत वाडी चढू नको, आमची जात निराळी हाय, पेणला बोर्ड लागलाय.

सगळ्या हसत होत्या. तिनं हाकलला तो माझ्या थापेवर उभी राहून. उद्या बोर्ड उतरला तर हा दलाल सातवरनं पाचवर येईल, आणि कमळीला त्याच्या मागं अष्टमीच्या पुलापर्यंत चालत जावं लागंल.

९ जून, सोमवार

आतेला आज बोर्डाचं सांगितलं. ठमाबाई, माझ्या बापाची मोठी बहीण. आईबाप वीटभट्टीवर, मला हिनंच वाढवलं. वाडीतली अर्धी बकरी हिची आणि अर्धी हिच्या ऐकण्यातली.

"कुंडलिका काळी," मी म्हणालो.

"कोन ती?"

"आपली बकरी."

आते खूप वेळ हसली. मग म्हणाली, "नाव चांगलं हाय. पोरीला ठेवलं असतं."

हसून झालं आणि लगेच शिव्या. का, तर शेजारच्या गावातला तांबडा बोकड ओहोळ ओलांडून आला आणि मी दगड मारला नाय. ह्या बाईचं डोकं कोण समजणार. तांबडा बोकड दिसला की काठी घेऊन धावते, सत्तरीला टेकली तरी. करडाच्या अंगावर पांढरा ठिपका दिसला तर तीन महिन्यांत खच्ची करायला लावते. वाडीत वळूचा बोकड एकच, तो पण हीच निवडणार. त्याच्या आईनं दोन पावसाळे खुराला न सडता काढले पायजेत. कमळीच्या सासूनं एकदा अलिबागवरनं मोठा लांब कानाचा बोकड आणला होता. आते तिच्याशी वर्षभर बोलली नाय.

मी म्हणालो, आते, बकरी हाय, लगीन नाय.

"लग्नात येवढं बघत्यात व्हय?" ती म्हणाली.

मला काय त्याचं. माझी काळजी निराळी हाय.

१३ जून, शुक्रवार

काळजी आली. फोन करून आली.

आधी हिरामण शेठनं बोलावलं. अलिबागचं एक हॉटेल वर्षभर बोकड घेणार, किलोवर, आठवड्याला दोन. अट एकच. मेनूवर जातीचं नाव छापायचं तर जात खरी असल्याचा कागद पायजे. "आण ना रे कागद," शेठ म्हणाला, जसा काय सातबारा. "नाय मिळाला तर गटारीनंतर बोर्ड उतरवू. लोकं विचारतात, माझी लाज जाते."

संध्याकाळी फोन. मृणाली मॅडम. जनावरांच्या डॉक्टर हायत, कॉलेजात देशी जाती शोधतात. व्हिडिओ बघितला म्हणाल्या. येऊन बकऱ्या मोजणार, रक्त घेणार. जात वेगळी निघाली तर नोंद होईल, मग ते नाव दुसऱ्या कुणाला लावता येणार नाय. पन्नास मोठ्या माद्या पायजेत. पन्नासाच्या खाली त्यांची तपासणी धरत नायत.

मी विचारलं, "आणि जात नाय निघाली तर?"

"तर तसं लिहावं लागेल."

"कुठं लिहावं लागेल?"

त्या हसल्या. मी हसलो नाय.

आज गौरीचे दागिने रंगवताना तीन वेळा नथ चुकली.

१५ जून, रविवार

मोजल्या. मोठ्या काळ्या माद्या अडतीस. दोनदा मोजल्या, दुसऱ्यांदा सदतीस आल्या, कारण एक कमळीच्या घरात घुसून तांदूळ खात होती.

बारा कमी. मॅडम बावीसला येणार.

कोलाडला काळूमामाकडं बकऱ्या हायत, बऱ्याच. तांबड्या, कबऱ्या, एक तर पार पिवळी. मामा हायवेवरच्या खानावळीत कामाला, बकरीला नाव ठेवायला पण त्याला वेळ नाय.

मला रंग येतो. बास, पुढचं लिहीत नाय. लिहिलं तर करायला धजणार नाय.

२१ जून, शनिवार

केलं.

मामाला सांगितलं फोटो काढायचे हायत, दोन दिवसांनी परत देतो. टेम्पोनं आणल्या. केसांच्या काळ्या डायची साठ पाकिटं अष्टमीतनं घेतली. दुकानदार म्हणाला, "म्हाताऱ्याचं लगीन हाय का?" मी म्हणालो, बारा म्हाताऱ्यांचं.

वाडीच्या वरच्या बाजूला पडकी शेड हाय, तिथं कमळी आणि मी. कमळीला सांगावंच लागलं, बारा बकऱ्या एकट्याला धरता येत नायत. आधी शिव्या दिल्या, मग हॉटेलचं ऐकलं, मग पदर खोचला. बकऱ्यांनी चाटू नये म्हणून तोंडाला फडकी बांधली. वाळल्यावर धुतल्या, परत एक हात मारला. पोटाखाली, कानाच्या आत, शेपटीच्या उलट्या बाजूला. गणपतीची पाठ कुणी बघत नाय तरी मी रंगवतो, तसंच.

मागं सरून बघितलं. माझ्या हातून येवढं सफाईचं काम झालं नव्हतं.

कमळी म्हणाली, "आदऱ्या, हे जर उघडं पडलं तर मी म्हणंन तू मला पण रंगवलंस."

आते तेवढ्यात लाकडं घेऊन वरनं उतरली. थांबली. बाराच्या बारा बकऱ्यांकडं बघितलं.

"कुनाच्या ह्या?"

"पालीकडच्या वाडीवरनं आणल्या. आपल्याच जातीच्या."

आते जवळ आली. एकीचा कान दोन बोटात धरला, सोडला आणि गेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२२ जून, रविवार

मॅडम सकाळी नऊला आल्या. बारक्याच हायत, पायात गमबूट, बरोबर एक शिकाऊ पोरगा. उंची, छाती, कान, शिंग, शेपूट, सगळं टेपनं मोजलं. मानेतनं रक्त काढलं, नळीत भरलं. प्रत्येक बकरीचा पाटीवर नंबर लिहून फोटो. मी आणि कमळीनं बारा जणी मधेमधे घुसवल्या, एका लायनीत दोन येऊन संशय यायला नको.

एकीला धरताना मॅडमच्या हातमोज्याला काळं लागलं. त्या बघत राहिल्या.

"डोंगरची माती," मी म्हणालो.

"छान काळी आहे," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. माझा सदरा पाठीला चिकटला.

पण खरी गंमत आतेची. मॅडमनी विचारलं, आजी, वळू कसा निवडता? आणि आते सुटली. दोन तास. ही कुणाची, तिची आई कोण, तिची आजी कोण, ती कुठल्या पावसात दगडावरनं पडली, कुणाचं दूध जास्त, कुणाची करडं जुळी. एका बकरीच्या अकरा आया मागं गेली, न अडखळता. मॅडम लिहून लिहून बोटं झाडत होत्या. मधेच म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सासूनं. तिला तिच्या सासूनं."

मी बघतच राहिलो. माझी थाप सत्तावीस पाल्यांची. हिची अकरा पिढ्यांची. वाटायचं की मी बापावर गेलोय. आतेवर गेलो.

मॅडम जाताना आतेच्या पाया पडल्या. मी संध्याकाळीच बारा जणी कोलाडला पोचवल्या. मामा म्हणाला, ह्या माझ्या कुठं? मी म्हणालो, फोटोला मेकअप लागतो.

जमलं वाटतं. तरी जेवण गेलं नाय.

२७ जून, शुक्रवार

जमलं नाय.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी फळीवर चढून मुकुट रंगवत होतो. म्हणाल्या, आदर्श, मापं घेऊन बसलेय, काहीतरी विचित्र आहे. अडतीस बकऱ्या एका साच्यातल्या वाटतात. कान, पायाची नळी, शिंगाचं वळण. इतका सारखा कळप मी अजून पाहिला नव्हता. आणि बाकीच्या बारा कशालाच जुळत नाहीत. एकमेकींनाही नाही.

"म्हंजे?"

"म्हणजे सरासरी काढली तर मिश्र कळप. जात नाही. रक्तातही असंच आलं तर फाईल बंद. नळ्या सोमवारी प्रयोगशाळेत जाणार."

फोन ठेवला आणि तसाच फळीवर बसलो. खाली साच्यातनं काढलेले दीड फुटी गणपती लायनीत वाळत होते. सगळ्यांचा सोंडेचा वळसा सारखा, कारण साचा एक. पण बकरीला कुणी साच्यात घालत नाय. मग अडतीस सारख्या कशा? नशीब असंल. पण नशीब असेल तर ते माझ्या बारा जणींनी खाल्लं.

सांगायला पायजे. सांगितलं की त्या म्हणणार बाकीच्या अडतीस पण रंगवल्या असतील. वाडीचं नाव जाईल. नाय सांगितलं तर फाईल बंद. दोन्हीकडनं दलाल वर चढतो.

त्यात अजून एक. पन्नासातल्या माझ्या बारा कुठल्या, मला म्हाईत नाय. नंबर कुठला कुणाला पडला लक्षात ठेवलं नाय. कमळीला विचारलं, ती म्हणाली, "तूच रंगवल्या, तूच वळख." मॅडमनी फोटो पाठवलेत. दीड तास बघितले. सगळ्या काळ्या. माझं काम चांगलं झालंय.

२८ जून, शनिवार

आतेला सांगितलं. चुलीजवळ बसून, खाली बघून, सगळं. डाय, मामा, बोर्ड, सत्तावीस पाला. जात मीच बनवली हे पण.

आते भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"नाव तू ठेवलंस," ती म्हणाली. "बाकी काय बनवलंस?"

मी चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"तुला तवाच कळलं होतं ना?" मी विचारलं.

"कान धरला तवाच."

"मग बोलली का नाय?"

"पावण्यांसमोर घरचं पोर उघडं पाडायचं? आन मला वाटलं, बाई डाक्टर हाय, तिला दिसंल."

फोटो दाखवले. आते फोनवर बोट ठेवायला घाबरते, फोटो सरकतो म्हणून. लांबूनच सांगायला लागली. ही आमची. ही आमची. ही नाय. ही कमळीची तांदूळखाऊ. ही नाय, हिच्या तोंडावरच परकेपणा हाय. मी नंबर लिहून घेतले. बारा झाल्यावर आते थांबली, पुढचे फोटो सगळे आमचे. एक कमी नाय, एक जास्त नाय.

"उद्या मला घेऊन चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"बाईकडं. तू एकटा गेलास तर वाटंत दुसरं कायतरी बनवशील."

२९ जून, रविवार

सकाळच्या पॅसेंजरनं रोह्यावरनं पेण. आते खिडकीत बसली, मांडीवर करवंदाच्या लोणच्याची बरणी. नागोठण्यापर्यंत मी काय काय बोलायचं ते पाठ करत होतो. आते म्हणाली, "ओठ हलवू नको, येडा दिसतोस."

मॅडम पेणला बहिणीकडं उतरल्यात. मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नायत. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"तुला कळतंय का," त्या म्हणाल्या, "उद्या नळ्या गेल्या असत्या तर मी माझ्या हातानं लिहिलं असतं, की ही जात अस्तित्वातच नाही. मग दुसरं कुणी वीस वर्षं तिकडे फिरकलं नसतं."

मी म्हणालो, "पण मॅडम, ती मीच बनवलेली…"

"तू गप्प बस."

आतेनं बरणी पुढं केली. मॅडमनी घेतली नाय. आतेनं ती टेबलावर ठेवली आणि बारा नंबर म्हणून दाखवले, पाठ. मॅडमनी आपल्या कागदावर बघितलं. त्यांनी पण बारा नंबरांना लाल खुणा केल्या होत्या. एकेक जुळत गेला तशा त्या हळूहळू बसल्या.

शेवटी असं ठरलं. बारा नळ्या फेकायच्या. सगळं अहवालात लिहिणार, माझं नाव धरून. वाडीच्या वतीनं मी एक अक्षर बोलायचं नाय, बोलायचं ते आतेनं. आणि रविवारपर्यंत खऱ्या बारा आणून द्यायच्या, तर पन्नास होतात. नाय तर नाय.

"बारा व्हय," आते म्हणाली. "आमच्या पोरी सासरी जातात तवा एक पाट देतो संगं, न व्यायलेली बकरी. तिकडं असतील की. हा आधी बोलला असता तर."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. वीस वर्षं ह्या वाडीत राहतो, चार बहिणींच्या वराती नाचलोय.

१ जुलै, मंगळवार

हिरामण शेठला सांगितलं, कागद गटारीच्या आत येत नाय. शेठ म्हणाला, गटारीला लोकं कागद खात नायत. तीस बोकड दे, मिळतील तिथनं दे, सोलल्यावर सगळे लाल.

आतेला फोन लावून दिला. आते म्हणाली, नऊ हायत, नऊ घे. दहावा कोलाडचा असंल तर तो कोलाडचा म्हणून वीक.

शेठनं फोन ठेवला. बोर्ड उतरवला नाय, पण त्यावर गोणपाट टाकलं. हॉटेलवाल्याचा फोन आला नाय.

६ जुलै, रविवार

पाच दिवस, सात वाड्या. पावसानं पायवाट गेली तिथं आते माझ्या खांद्याला धरून उतरली. प्रत्येक घरात जायची, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी गोठ्यात जायची. बकरीला बघून नाव घ्यायची, बकरीचं नाय, तिच्या आजीचं. मग माझ्याकडं हात करायची. "ह्यो माझा भाचा. खोटं बोलतो. बकरी मातर नीट धरतो."

प्रत्येक घरात. सात वाड्या.

काल संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. बारावी वनिताकडं होती, माझ्या सख्ख्या बहिणीकडं. ती बकरी मागल्या पावसात साप चावून मेली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं पण नव्हतं.

वनिताच्या शेजारच्या घरी एक बकरी होती. काळीभोर. रंगवायला नको, काय नको. कान बारके, शिंग तसंच मागं वळलेलं. मालक म्हणाला, न्या दोन दिवस. आते पडवीत झोपली होती, पाय सुजलेले. मी त्या बकरीजवळ खूप वेळ उभा होतो. कमळीचा दलाल आठवला. मग तिचा कान दोन बोटात धरला, आतेनं धरला होता तसा. मला काय कळलं नाय. कान कानासारखाच लागला.

सोडून दिला.

आज मॅडम आल्या. अकरा नळ्या भरल्या. वही उघडली.

"पन्नास लागतात," त्या म्हणाल्या. "एकोणपन्नास आहेत. शेवटची मिळाली नाही?"

"मिळाली," मी म्हणालो. बोलायची बंदी होती, तरी म्हणालो. "काळी होती, मोठी होती. आमची हाय का नाय ते मला कळलं नाय."

मॅडमनी आतेकडं बघितलं. आतेनं नाय म्हणून मान हलवली, त्या बकरीची आजी तिला पण म्हाईत नव्हती. मॅडमनी एकोणपन्नास लिहिले. वरती विचारून बघते म्हणाल्या, धरतील का म्हाईत नाय. रक्ताचा निकाल चार महिन्यांनी. जाताना लोणच्याचं विचारलं, अजून आहे का.

संध्याकाळी आतेला म्हणालो, चार महिने. नाय धरलं तर? कमळीनं दलालाचा नंबर काढून टाकलाय.

आते सुजलेल्या पायांना तेल चोळत होती.

"बकरी पाच म्हयने पोटात घेऊन डोंगर चढती," ती म्हणाली. "तुला चारच दिलेत."